स्वतंत्रपूर वसाहत आणि बंदिवानाचे पुनरागमन

शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाची खरी कसोटी तुरुंगाच्या दाराबाहेर लागते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच सुधारकांच्या ध्यानी आली होती. इंग्लंडमध्ये १८६२ च्या कायद्याने सुटलेल्या बंदिवानांना साहाय्य करणाऱ्या संस्थांना मान्यता मिळाली. हिंदुस्थानात १९१९-२० च्या कारागृह समितीने अशा संस्थांची आवश्यकता प्रतिपादिली. तथापि, आधी शिक्षा आणि मागाहून साहाय्य, हा क्रम दोन्हीकडे गृहीत होता. औंध संस्थानातील आटपाडी येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्रपूर वसाहतीने हा क्रमच बदलला. तिचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.

त्याच वर्षाच्या आरंभी राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना प्रजेस देऊन गावपंचायतींच्या हाती कारभार सोपविला होता. या प्रयोगात युवराज अप्पासाहेब पंत यांच्यासह सहभागी असलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन, ऊर्फ भारतानंद, यांच्याकडे खुल्या वसाहतीच्या कल्पनेचे श्रेय जाते. जी प्रजा स्वतःचा कारभार पाहू शकते, तिच्यातील अपराधी मनुष्यही विश्वासास पात्र असू शकतो, असा या दोन उपक्रमांना जोडणारा विचार दिसतो.

आटपाडीचा मुलूख अवर्षणप्रवण. तेथील माळावर बंदिवानांना भिंतीविना ठेवून शेती करू देण्यात आली आणि कुटुंबास जवळ राहण्याची मुभा मिळाली. या मुभेचे मोल विशेष आहे. दीर्घ कारावासात शेतकरी मनुष्य केवळ स्वातंत्र्यास मुकत नाही. त्याची शेतीची सवय सुटते, मुले परकी होतात आणि घरातील त्याची जागा नाहीशी होते. सुटकेनंतर हे सारे एकाएकी परत मिळत नाही. स्वतंत्रपुरात ते मुळात तुटू न देण्याचा प्रयत्न झाला. घरी परतण्याची क्रिया शिक्षेच्या काळातच सुरू झाली.

वसाहतीची लोकस्मृती मात्र निराळ्या अंगाने घडली. औंध संस्थानातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निर्माण केला. त्यात सहा कैद्यांचे हृदयपरिवर्तन मुख्यतः एका ध्येयवादी जेलरच्या नैतिक प्रभावाने घडते. रास्त भावात भाजी विकणाऱ्या या कैद्यांवर बाजारातील व्यापारी हल्ला करवितात, हा प्रसंग समाजाच्या विरोधाचे भान देतो. तरीही प्रेक्षकाच्या मनावर ठसतो तो जेलरच. प्रत्यक्ष वसाहत एखाद्या व्यक्तीच्या प्रभावावर टिकली असती, तर १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर ती मोडली असती. ती टिकली आणि पुढे महाराष्ट्राच्या कारागृह व्यवस्थेचा भाग झाली. कुटुंबासह राहण्याचे हेच तत्त्व १९६३ मध्ये राजस्थानातील सांगानेर येथील खुल्या कारागृहातही स्वीकारले गेले.

या पद्धतीची मर्यादाही नजरेआड करता येत नाही. वसाहतीतील जमीन बंदिवानाच्या मालकीची नसते. मुदत संपताच ती सोडून त्यास मूळ गावी जावे लागते. खून बांधाच्या वा भाऊबंदकीच्या वादातून घडला असेल, तर मृताचे आप्त त्याच गावात, कदाचित त्याच आळीत राहत असतात. त्यांचे दुःख आणि रोष अवास्तव म्हणता येत नाही. वसाहत बंदिवानास गावात राहण्यायोग्य ठेवू शकते, पण गावास त्याचा स्वीकार करावयास लावू शकत नाही.

म्हणून स्वतंत्रपूरचे मूल्यमापन केवळ किती बंदिवान पळाले नाहीत, या कसोटीवर करणे अपुरे होय. १९३९ मध्ये औंधने शिक्षेचा विचार गावाच्या स्वराज्यासोबत केला होता. पुढील काळात वसाहत राहिली. परंतु परतणाऱ्याची जबाबदारी गावाने कितपत घ्यावी, हा त्या विचाराचा दुसरा अर्धा भाग अनुत्तरित राहिला.