जीप गाडीतील चतुश्चक्र चालन

चतुश्चक्र चालन : मोटारगाडीच्या पुढील व मागील अशा दोन्ही आसांना एंजिनाची शक्ती पुरवून चारही चाके चालती ठेवण्याची योजना. चिखल, वाळू वा चढ यांवर एका आसाची पकड सुटली, तरी दुसरा आस गाडी पुढे नेतो, हा तिचा मुख्य लाभ होय.

इंग्लंडमधील बी. जे. डिप्लॉक यांनी 1893 मध्ये वाफेच्या ओढगाडीसाठी अशा योजनेचे एकस्व घेतले. नेदर्लंड्समधील स्पायकर कंपनीने 1903 मध्ये ती पेट्रोल मोटारीत आणली. तिचा खरा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धातील जीपमुळे झाला. विलीस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी 1941–45 या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या.

भारतात हे तंत्र मुंबईमार्गे रुजले. 1945 मध्ये स्थापन झालेल्या व 1948 पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने प्रारंभी आयात केलेल्या सुट्या भागांपासून जीपची जुळणी केली. पुढे बोरिवलीनजीकच्या कांदिवली येथील तिच्या कारखान्यात जीपचे उत्पादन होऊ लागले. विलीसच्या परवान्याने बनणारी ‘सीजे-3बी’ ही जीप अमेरिकेत 1968 मध्ये बंद झाली. भारतात मात्र तिचे उत्पादन त्यानंतरही चालू राहिले.

या जीपमध्ये गतिबदल पेटीच्या मागे ट्रान्सफर केस ही दुसरी दंतचक्रपेटी असते. तिच्यातून एक दंड मागील व दुसरा पुढील आसाकडे जातो. पुढील आस तरफेने जोडता वा सोडता येतो. जोडल्यावर दोन्ही दंड एकाच वेगाने फिरतात; पण पिळाची वाटणी निम्मी-निम्मीच होते असे नाही. ज्या आसाखाली पकड अधिक, त्याच्या वाट्याला पीळ अधिक येतो. मंद टप्प्यात पहिल्या गिअरचे 2.8, ट्रान्सफर केसचे 2.46 व आसाचे 5.38 या गुणोत्तरांचा गुणाकार होऊन चाकाशी पीळ सुमारे 37 पट होतो. एवढा भार एकट्या मागील आसावर पडू नये, म्हणून पुढील आस जोडल्याखेरीज मंद टप्पा लागत नाही.

वळणावर पुढील चाके मागील चाकांहून मोठ्या वर्तुळावरून जातात. ओल्या मातीत हा फरक चाकांच्या किंचित घसरण्याने भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तसे घडत नाही. दंड व दंतचक्रे पिळवटली जाऊन टायर झिजतात. म्हणून पक्क्या रस्त्यावर पुढील आस सोडून ठेवणे आवश्यक असते.

प्रत्येक आसावरील डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना भिन्न वेगाने फिरू देते, पण पीळ दोहोंना जवळजवळ सारखाच देते. त्यामुळे एक चाक चिखलात नुसतेच गरगरू लागले, की त्याच आसावरील दुसऱ्या चाकाचाही जोर ओसरतो. पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके पकड गमावून बसली, तर चतुश्चक्र जीपही जागीच खिळते. चारही चाके चालती असली म्हणजे गाडी कधीच रुतणार नाही, हा समज यामुळे चुकीचा ठरतो.

या उणिवांवर पुढे दोन दिशांनी उपाय झाले. दोन आसांमध्येही डिफरन्शियल बसविल्याने चतुश्चक्र चालन पक्क्या रस्त्यावरही कायम ठेवता येऊ लागले. जर्मनीतील औडी कंपनीच्या 1980 मधील ‘क्वात्रो’ मोटारीमुळे या रचनेस लोकप्रियता लाभली. दुसरा उपाय म्हणजे आसावरील डिफरन्शियल जखडणे अथवा गरगरणाऱ्या चाकास ब्रेक लावून पीळ दुसऱ्या चाकाकडे वळविणे. महिंद्राच्या 2020 मधील ‘थार’ गाडीच्या काही प्रकारांत यांचा अवलंब केलेला असला, तरी पुढील आस तरफेने जोडण्याची जीपची जुनी पद्धत तिच्यातही कायम राहिली.