साहेबमामांचा स्टुडिओ आणि आमची मुले

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विषय निघाला की आम्हाला एका कागलकर माणसाची आठवण होते. शेख यासीन मिस्त्री फत्तेलाल हे त्यांचे नाव. चित्रपटसृष्टी त्यांना साहेबमामा म्हणे. कोल्हापूरजवळच्या कागलमध्ये १८८६ साली ते जन्मले, तेव्हा सिनेमाच जन्माला आलेला नव्हता. मग तो शिकवणारे कॉलेज कुठून असणार?

साहेबमामांचे कॉलेज म्हणजे बाबूराव पेंटर यांची कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनी. तेथील तालीम उस्ताद-शागीर्दाची. कॅमेरादेखील बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना साथीला घेऊन तेथेच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पुढे १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी 'प्रभात' काढली. १९३३ साली ती पुण्याला आली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम'चा (१९३६) पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. तुकोबांना पडद्यावर उभे करणाऱ्या हातांत एक जोडी मुसलमान कारागिराची होती, हे आपण आपल्या मुलांना किती वेळा सांगितले?

स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था हवी, अशी शिफारस केली. ती संस्था १९६० मध्ये उभी राहिली, तीही बंद पडलेल्या 'प्रभात'च्या आवारात. साहेबमामा १९६४ साली गेले. ज्यांनी प्रमाणपत्राविना हुनर कमावला, त्यांच्याच स्टुडिओत, त्यांच्याच हयातीत, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन यांचे वर्ग भरू लागले.

त्या वर्गांतून नसीरुद्दीन शाह आणि सईद मिर्झा बाहेर पडले. केरळच्या एका खेड्यातील रसूल पूकुट्टी तेथे ध्वनीचे तंत्र शिकला आणि २००९ मध्ये ऑस्करपर्यंत पोहोचला. दिल्लीत जामिया मिल्लियाने १९८२ साली जनसंपर्काचे केंद्र काढले. दारे उघडली होती. पण आमच्या मोहल्ल्यांतून तिकडे कितीजण वळले?

आमच्याकडे हुनर नाही, असे नाही. लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करणारी, स्टुडिओत फोटो काढणारी, रात्रभर जागून एडिटिंग करणारी मुले गल्लोगल्ली आहेत. पण 'तसबीर जायज की नाजायज' या वादात एक पिढी गेली आणि 'यात कमाई काय?' या प्रश्नात दुसरी. मुलगा कॅमेरा उचलतो तेव्हा आपण त्याला धंदा म्हणतो. तोच मुलगा त्याचे शिक्षण मागतो तेव्हा ते नसते थेर ठरते. मुलीने मागितले तर विषयच संपतो.

कारखान्यात हात तयार होतो, हे साहेबमामांनी दाखवून दिले. पण त्यांना बाबूरावांसारखा उस्ताद लाभला होता. आज तसे कारखाने राहिले नाहीत. कॅमेरा कुठे रोखायचा, कुणाची गोष्ट सांगायची आणि ती अशीच का सांगायची, हा विचार शिकवणारी जागा आता बहुतेकांसाठी कॉलेजच आहे. पडद्यावरचा मुसलमान खोटा वाटतो, अशी तक्रार आपण घरोघर करतो. तक्रार रास्त आहे. पण खरा मुसलमान दाखवायचा तर आपल्यातल्या कुणीतरी कॅमेऱ्यामागे शिकून उभे राहायला हवे.

साहेबमामांच्या आवारात आजही वर्ग भरतात. तेथील प्रवेशपरीक्षेचा अर्ज आपल्या मुलाने, मुलीने हाती घेतला, तर निदान तो हिसकावून घेऊ नये, एवढेच आमचे मागणे.