सिगारेटच्या पाकिटातला पुठ्ठा : बेसबॉल कार्डाची कुळकथा

बेसबॉल कार्ड म्हणजे एका बाजूस खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याविषयीचा मजकूर छापलेला, तळहातात मावणारा पुठ्ठ्याचा तुकडा. कोणता खेळाडू खरा थोर आणि कोणाचे नाव उगाच मोठे झाले, याविषयी अमेरिकेतील चाहते जी मते हिरिरीने मांडतात, त्या मतांच्या जडणघडणीत वर्तमानपत्रांच्या खालोखाल या तुकड्याचा वाटा आहे. तथापि बेसबॉल संघांनी वा चाहत्यांनी ते निर्माण केलेले नाही. दुसऱ्याच मालाबरोबर फुकट मिळणारी वस्तू म्हणून ते वाढले, जवळजवळ शंभर वर्षे तसेच राहिले आणि त्याला पुढे जे मोल आले ते त्या फुकटेपणातूनच आले.

त्याचे पूर्वज दोन. पहिला म्हणजे पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो भेटकार्डाच्या आकाराचा फोटो. या फोटोची लाट अमेरिकेत पोहोचल्यावर ब्रुकलिनच्या ‘अटलांटिक्स’ संघानेही आपला असा सामूहिक फोटो काढून घेतला. १८६५ सालची त्याची प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. मात्र तो फोटो कोणत्याही मालाच्या जाहिरातीसाठी नव्हता, म्हणून त्याला कार्ड म्हणणे पुष्कळ अभ्यासकांना मान्य नाही. दुसरा पूर्वज म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकांना वाटत ते जाहिरातीचे कार्ड. न्यूयॉर्कमधील ‘पेक अँड स्नायडर’ या खेळसाहित्याच्या दुकानाने १८६९ मध्ये ‘सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज’ या संघाचा फोटो पुढे आणि आपल्या मालाची जाहिरात मागे अशी कार्डे काढली. सर्वच खेळाडूंना उघडपणे पगार देणारा हा पहिला संघ होता. पैशासाठी खेळणारा खेळाडू आणि माल खपवणारे चित्र यांची गाठ अशी आरंभापासूनच पडली, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

पण या वस्तूला घरोघरी नेले ते तंबाखूने. जेम्स बॉन्सॅक याने सिगारेट वळण्याचे यंत्र तयार केले आणि जेम्स ड्यूक याने १८८४ मध्ये ते आपल्या कारखान्यात चालवून दाखवले, तेव्हा हाताने वळल्या जाणाऱ्या सिगारेटींच्या कितीतरी पट माल बाजारात येऊ लागला. माल सारखाच असल्याने गिऱ्हाइकाने अमुकच पाकीट का घ्यावे, हा प्रश्न कारखानदारांपुढे उभा राहिला. त्यातच कागदी पाकीट खिशात चुरगळे, म्हणून आत एक पुठ्ठ्याची पट्टी घालावी लागे. या कोऱ्या पट्टीवर चित्र छापले, त्याला क्रमांक दिला आणि पूर्ण संच जमवण्याची हाव लावली, की तेच गिऱ्हाईक पुन्हा येते, हे व्यापाऱ्यांनी हेरले. रिचमंड येथील ‘ॲलन अँड जिंटर’ या कंपनीने १८८७ मध्ये ‘जगज्जेते’ अशा अर्थाच्या नावाने ५० चित्रांचा रंगीत संच काढला, त्यात बेसबॉलपटू अवघे १० होते. उरलेल्या जागा मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नावाडी, बिलियर्डपटू आणि नेमबाज यांनी भरल्या होत्या, आणि नेमबाजांत बफेलो बिल व ॲनी ओकली ही रानटी पश्चिमेच्या खेळातली जोडी होती. खेळ आणि तमाशा यांच्यात आज जी सीमारेषा मानली जाते ती या संचाच्या कर्त्यांना ठाऊकच नव्हती, आणि त्यांचे म्हणणे फारसे चुकीचे होते असेही नाही.

न्यूयॉर्कच्या ‘गुडविन’ कंपनीने ‘ओल्ड जज’ या सिगारेटीसाठी १८८६ ते १८९० या काळात पाचशेहून अधिक खेळाडूंची तपकिरी झाक असलेली छायाचित्रे दिली. हे फोटो आज पाहताना मौज वाटते. कॅमेऱ्याला तेव्हा हलती वस्तू नीट पकडता येत नसे, त्यामुळे खेळाडूला स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभे करीत आणि चेंडू छतापासून दोऱ्याने लोंबकळत सोडीत. हात पसरून झेल घेणाऱ्या खेळाडूच्या चेहऱ्यावर धावपळीचा लवलेश नाही आणि चेंडूवरचा दोरा कित्येक चित्रांत स्पष्ट दिसतो. १८९० मध्ये ड्यूक, ॲलन अँड जिंटर, गुडविन आणि आणखी दोन कारखाने एकत्र येऊन ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ ही मक्तेदारी स्थापन झाली आणि कार्डे लवकरच जवळजवळ बंद पडली. स्पर्धक उरला नाही तेव्हा चित्राचा खर्च कशासाठी करायचा, हा हिशेब सरळ होता.

स्पर्धा पुन्हा डोके वर काढू लागली तशी कार्डेही परतली. १९०९ ते १९११ या तीन वर्षांत याच कंपनीने आपल्या १६ छापांच्या पाकिटांतून सुमारे सव्वापाचशे वेगवेगळी रंगीत शिळाछाप कार्डे वाटली. संग्राहक या संचाला ‘टी-२०६’ म्हणतात. हे नाव कंपनीचे नव्हे, ते पुढे एका संग्राहकाने दिले. या संचातील पिट्सबर्गचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा क्षेत्ररक्षक, होनस वॅग्नर याचे कार्ड अतिशय दुर्मीळ. वॅग्नरने आपले चित्र छापण्यास नकार दिल्यामुळे छपाई थांबली आणि त्याच्या शेकड्याहूनही कमी प्रती आज ज्ञात आहेत. नकाराचे कारण मात्र वादग्रस्त आहे. मुलांनी चित्रासाठी सिगारेटी घेऊ नयेत अशी त्याची इच्छा होती, असे चाहते अभिमानाने सांगतात. तो स्वतः तंबाखूचा शौकीन होता, तेव्हा प्रश्न मोबदल्याचा असावा, असे संशयी लोक म्हणतात. परंतु परवानगी मिळवून देण्यासाठी जॉन ग्रूबर या पत्रकाराला कंपनी १० डॉलर देणार होती, आणि वॅग्नरने नकार कळवताना त्याचे नुकसान होऊ नये म्हणून स्वतःचा १० डॉलरचा चेक त्याला पाठवला, ही हकीकत १९१२ मध्येच छापून आलेली आहे. पैशावर डोळा असलेला मनुष्य असे करणार नाही. या वादात चाहत्यांची बाजू अधिक सबळ ठरते.

१९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तंबाखूची मक्तेदारी मोडली आणि कार्ड हळूहळू मोठ्यांच्या खिशातून मुलांच्या हातात गेले. कॅरॅमलच्या गोळ्या आणि ‘क्रॅकर जॅक’ हा पाकातला मक्याच्या लाह्यांचा खाऊ यांच्याबरोबर कार्डे मिळू लागली. क्रॅकर जॅकची १९१४ सालची कार्डे खाऊच्या खोक्यातच घातलेली असल्याने त्यांवर पाकाचे डाग पडत, आणि आज बिनडाग प्रत अपवादानेच सापडते. त्यानंतरचे वळण फिलाडेल्फियाच्या ‘फ्लीअर’ कंपनीत आले. तेथील वॉल्टर डीमर या हिशेबनिसाने १९२८ मध्ये फुगा काढता येईल असा बबलगम तयार केला. हाताशी तोच एक रंग होता म्हणून तो गुलाबी झाला, आणि पुढे बबलगमचा रंग गुलाबीच असतो असे जगाने मानले. बोस्टनच्या ‘गाउडी’ कंपनीने १९३३ मध्ये बबलगमबरोबर २४० क्रमांकांचा संच जाहीर केला, त्यात बेब रूथची चार कार्डे होती. पण १०६ वा क्रमांक छापलाच नव्हता. संच पुरा करण्याच्या नादात मुले पाकिटामागून पाकीट घेत राहिली. ज्यांनी कंपनीकडे तक्रार केली त्यांना पुढच्या वर्षी त्या क्रमांकाचे, नॅप लाजोए या जुन्या खेळाडूचे, कार्ड टपालाने पाठवण्यात आले. मुलांच्या हौसेवर चाललेल्या धंद्याची लबाडी याहून उघडपणे क्वचितच दिसते.

आज ज्या रूपात हे कार्ड ओळखले जाते ते ब्रुकलिनमधील ‘टॉप्स’ कंपनीचा साय बर्गर आणि त्याचा सहकारी वुडी गेलमन यांनी १९५२ च्या संचासाठी ठरवले, आणि त्याची आखणी बर्गरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर झाली. पुढे रंगवलेले चित्र, संघाचे बोधचिन्ह आणि खेळाडूची छापील स्वाक्षरी. मागे जन्मतारीख, उंची, वजन, चार ओळींचा परिचय, आणि गेल्या वर्षाचे व संपूर्ण कारकिर्दीचे आकडे. या आकड्यांपैकी मुख्य म्हणजे फलंदाजीची सरासरी. क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात, तर येथे यशस्वी फटक्यांना फलंदाजीच्या संधींच्या संख्येने भागून उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत देतात; ०.३०० ही उत्तम फलंदाजाची खूण समजली जाते.

कार्डाची पाठ हाच चाहत्याच्या दृष्टीने खरा शोध होता. तोपर्यंत कारकिर्दीचे आकडे हवे तर वार्षिक पुस्तके वा वर्तमानपत्रांची कात्रणे धुंडाळावी लागत. आता पाच सेंटच्या पाकिटात दहा वर्षांच्या मुलालाही पुरावा मिळू लागला. न्यूयॉर्क शहरात त्या वेळी तीन संघ होते आणि तिघांच्याही मधल्या मैदानात अव्वल खेळाडू उभे होते : यँकीजचा मिकी मँटल, जायंट्सचा विली मेज आणि डॉजर्सचा ड्यूक स्नायडर. तिघांत थोर कोण, यावर गल्लोगल्ली तंटे होत. मेजने १९५४ मध्ये ०.३४५ ची सरासरी गाठली, मँटलने १९५६ मध्ये ०.३५३ सरासरी आणि ५२ होम रन केले, तर स्नायडरने १९५३ पासून सलग पाच हंगाम प्रत्येकी ४० किंवा अधिक होम रन मारले, हे दाखले प्रत्येक बाजू कार्ड उलटे करून देई. १९५७ अखेर जायंट्स आणि डॉजर्स कॅलिफोर्नियाला गेले, तरी वाद थांबला नाही. ही कार्डे भिंतीवर उडवून जिंकण्याचा खेळ मुले खेळत, सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट आवाज काढीत, आणि बहुतेक कार्डे अखेर आईच्या साफसफाईत जात. भारतात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘बिग फन’ बबलगमच्या वेष्टनातून धावा व विकेटी छापलेली क्रिकेटची चित्रे निघू लागली आणि महाराष्ट्रातील मुलांनीही ती याच ईर्ष्येने जमवली, हे पन्नाशीच्या आसपासच्या वाचकांना आठवत असेल.

खुद्द कंपनीलाही आपला माल टाकाऊच वाटे. १९५२ च्या संचाचा शेवटचा भाग हंगाम सरत आला असताना बाजारात आला आणि पडून राहिला. १९६० मध्ये गोदाम रिकामे करण्यासाठी बर्गरने ही खोकी तराफ्यावर लादून न्यू जर्सीजवळच्या समुद्रात बुडवली. त्याच भागातील ३११ क्रमांकाचे मँटलचे एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले.

खेळाडूंच्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही या पुठ्ठ्यानेच न्यायालयात नेला. टॉप्सविरुद्धच्या एका दाव्यात १९५३ मध्ये न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी प्रसिद्ध व्यक्तीला आपल्या प्रतिमेच्या व्यापारी वापरावर स्वतंत्र हक्क असतो असे ठरवले, आणि आज नटनट्यांच्या जाहिरातींचे करार त्याच तत्त्वावर उभे आहेत. खेळाडूंना मात्र वर्षाला १२५ डॉलरच मिळत. त्यांच्या संघटनेचा प्रमुख मार्व्हिन मिलर याने १९६८ मध्ये नव्या करारांवर सह्या करू नका असे सांगितले, तेव्हा ही रक्कम दुप्पट झाली आणि विक्रीत टक्केवारी मिळाली. पुढे १९८१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने या करारांतून टॉप्सला मिळालेला एकाधिकार मिठाईबरोबर विकल्या जाणाऱ्या कार्डांपुरताच आहे असा अर्थ लावला. त्याबरोबर फ्लीअर कंपनीने गम काढून टाकला आणि पाकिटात स्टिकर घातले. बबलगमचा शोध ज्या कंपनीत लागला तिनेच कार्डाला बबलगमपासून वेगळे करण्यास आरंभ केला. टॉप्सनेही १९९२ मध्ये गम बंद केला.

कार्ड स्वतःच विकाऊ माल झाले आणि येथून घसरण सुरू झाली. जुन्या कार्डांच्या किमती ऐकून लोकांनी नवी कार्डे न हाताळता खोक्यांत जपून ठेवली. १९८९ मध्ये ‘अपर डेक’ या नव्या कंपनीने चकचकीत कागद आणि नक्कल टाळणारा होलोग्रॅम देऊन महागडी पाकिटे काढली, आणि पहिला क्रमांक केन ग्रिफी ज्युनियर या तोवर मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या मुलाला दिला. कंपन्यांनी अमाप छपाई केली. सर्वांनीच जपल्यामुळे काहीही दुर्मीळ राहिले नाही. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपाने अंतिम मालिका रद्द झाली आणि आधीच डळमळलेला बाजार कोसळला. त्या काळातील सीलबंद खोकी आजही मामुली किमतीत मिळतात. जुन्या कार्डांच्या बाजारातही खोट शिरली : अव्वल प्रतीचा दाखला मिळालेल्या वॅग्नरच्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ मध्ये दिली.

‘टी-२०६’ हे नाव देणारा संग्राहक म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूजचा जेफर्सन बर्डिक. संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा विजेच्या कारखान्यातील कामगार बेसबॉलचा खास शौकीन नव्हता. छापील कार्डे जमवणे एवढाच त्याचा ध्यास होता. त्याने १९३९ मध्ये अमेरिकन कार्डांची सूची प्रसिद्ध केली, तीन लाखांहून अधिक नग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले, आणि जानेवारी १९६३ पर्यंत तेथे बसून ते स्वतः वह्यांत चिकटवले. मार्चमध्ये तो वारला. त्यातील सुमारे ३० हजार कार्डे बेसबॉलची आहेत, वॅग्नरचे एक कार्डही त्यात आहे. लिलावाच्या बातम्यांपेक्षा या वस्तूचे खरे रूप त्या संग्रहात दिसते, आणि त्यातील पुष्कळ चित्रे म्युझियमच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. जिज्ञासू वाचकांनी ती अवश्य पाहावीत.