शाळेच्या हॉलातली रंगभूमी

१९७१ साली अरविंद व सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर आदी मंडळींनी ‘रंगायन’मधून बाहेर पडून ‘आविष्कार’ संस्था काढली. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्याच शाळेच्या हॉलात १९७४ पासून प्रायोगिक नाटके होऊ लागली. ‘आविष्कार’ने हॉल स्वतःपुरता ठेवला नाही, सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांची नाटकेही तिथे झाली. नट आणि प्रेक्षक अगदी जवळ. गल्ल्याची धास्ती नसल्याने नवे लिहिणाऱ्यांना धीर आला. पुढे १९९२ च्या सुमारास हे पर्व संपले.

इथे आम्हीही शाळांचे हॉल भाड्याने घेतो आणि चांगले थिएटर नाही म्हणून हळहळतो. पण हॉल तर छबिलदासचाही शाळेचाच होता! आपल्यातल्या नव्या नाटककाराला आम्ही तो एक संध्याकाळ देणार का, एवढाच प्रश्न आहे.