राखीव प्रतीची चार रूपे

संगणकीय माहितीसाठ्याची राखीव प्रत घेणे हे काम वरवर पाहता यांत्रिक वाटते. तथापि प्रत कोणत्या रूपात लिहावयाची, हा प्रश्न उभा राहताच ते लिप्यंतराच्या जवळ येते. मोडी दफ्तर बाळबोधीत उतरविणाऱ्यास हा अनुभव परिचित आहे. मोडी लेखनात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद सामान्यतः पाळलेला नसतो. बाळबोधीत तो दाखविल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे नक्कल करणाऱ्यालाही निवाडा करावा लागतो. पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीची प्रत काढणाऱ्या पीजी-डंप या साधनाचा इतिहास याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

पोस्टग्रेसच्या कामास १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली आरंभ झाला. १९९६ मध्ये प्रणालीस पोस्टग्रेस-क्यू-एल हे नाव मिळाले. पीजी-डंपचे मूळ रूप साध्या संहितेचे होते. ही संहिता म्हणजे साठ्याची हुबेहूब प्रतिकृती नव्हे. कोष्टके कशी रचावीत व त्यांत कोणत्या ओळी भराव्यात, हे एस-क्यू-एल भाषेत सांगणारी ती आज्ञावली होय. ती माणसास वाचता येते आणि सामान्यतः प्रणालीच्या पुढील आवृत्तीतही भरता येते. परंतु तीतून एखादेच कोष्टक वेगळे काढणे कष्टाचे होते, आणि चित्रे-ध्वनी यांसारख्या बृहद्वस्तूंना तीत स्थान नव्हते.

२००१ सालच्या ७.१ या आवृत्तीत फिलिप वॉर्नर यांनी या साधनाची पुनर्रचना केली आणि ‘कस्टम’ व ‘टार’ ही दोन रूपे आली. कस्टम रूपात प्रतीला अनुक्रमणिका जोडलेली असते व मजकूर आकुंचित करता येतो. पीजी-रिस्टोर हे जोडसाधन त्यातून हवा तो भाग निवडते. बृहद्वस्तूंचीही सोय झाली. मात्र अशी प्रत माणसास थेट वाचता येत नाही. टार रूप सर्वपरिचित साधनांनी उघडते, पण त्यात आकुंचन नाही. २०११ मध्ये ९.१ या आवृत्तीत ‘डिरेक्टरी’ रूप आले. त्यात प्रत्येक कोष्टकाची स्वतंत्र फाइल असते. त्यामुळे २०१३ पासून, ९.३ या आवृत्तीत, अनेक प्रक्रियांनी एकाच वेळी प्रत काढणे शक्य झाले. या सर्वांना साठा एकाच क्षणीचा दिसावा, याची तरतूद २०१२ सालच्या ९.२ मध्ये झालेली होती.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नव्या रूपांनी जुन्यास पदच्युत केले नाही. २००५ सालच्या ८.१ या आवृत्तीपासून बृहद्वस्तू साध्या संहितेतही येऊ लागल्या. आजही काही न सांगता प्रत काढल्यास साधी संहिताच मिळते. शिवाय उरलेल्या तिन्ही रूपांतून पीजी-रिस्टोर पुन्हा तशीच संहिता लिहून देऊ शकते. रूपे चार असली, तरी अर्थ एक राहतो.

स्वल्पविरामांनी विभागलेल्या यादीची, म्हणजे सीएसव्हीची, गोष्ट निराळी. पोस्टग्रेसच्या ‘कॉपी’ आज्ञेत ही सोय २००५ च्या जानेवारीत, ८.० या आवृत्तीत आली. समजा, नोंदवहीत आडनावाचा रकाना आहे. आडनाव ठाऊक नसणे ही एक गोष्ट. आडनावच नसणे ही दुसरी. पोस्टग्रेस पहिल्या ठिकाणी काहीच लिहीत नाही, दुसऱ्या ठिकाणी रिकामी अवतरणचिन्हे लिहिते. परंतु हा संकेत न पाळणाऱ्या साधनात ती यादी उघडून पुन्हा जतन केली की भेद मिटतो. रकान्यांचे प्रकार व कोष्टकांचे परस्परसंबंध तर यादीत उतरतच नाहीत.

तात्पर्य, प्रतीच्या रूपाची निवड करताना आकार आणि वेग यांच्याबरोबर दोन प्रश्न विचारले पाहिजेत : मुळातील कोणते भेद या रूपात लिहिता येतात, आणि ते वाचण्यासाठी पुढील वाचकाजवळ कोणते साधन असावे लागेल? मोडी वाचणारे विरळ झाल्यावर दफ्तरांचे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून दीर्घकाळ जपावयाच्या साठ्याची सोयीच्या रूपातील प्रत काढली, तरी साध्या संहितेतील एक प्रत तिच्याबरोबर ठेवणे इष्ट ठरते.