चुलीपाशी तपासली गेलेली श्रद्धा

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही वसाहत १९६० च्या दशकात आयुधनिर्माणीच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या दारूगोळा कारखान्याच्या निमित्ताने उभी राहिली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांनी ती वसवली, त्यामुळे तिचा स्वतःचा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात मावेल इतकाच आहे. ज्या भूभागावर ती वसली त्याचा इतिहास मात्र बराच जुना आहे. प्रथम नागपूरकर भोसल्यांचे राज्य, १८५४ नंतर इंग्रजांची थेट सत्ता आणि १८६१ पासून मध्य प्रांत अशा अवस्थांतून गेलेल्या या भातशेतीच्या मुलखात ख्रिस्ती धर्म फार उशिरा आला आणि आल्यावरही संख्येने कधी वाढला नाही. त्यामुळे येथील ख्रिस्ती जीवनाचा इतिहास लिहिताना बाप्तिस्म्यांची, म्हणजे पाण्याने होणाऱ्या धर्मप्रवेशाच्या संस्कारांची, नोंदवही समोर ठेवली तर हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी कोणी कोणाला आपल्या घरात घेतले, कोणाच्या हातचे अन्न कोणी खाल्ले आणि पैशाची हमी नसताना कोणी कोणाचा भार उचलला, हे प्रश्न विचारले की या श्रद्धेचा दैनंदिन व्यवहार दिसू लागतो. महाराष्ट्रात ज्या काळी जातीची सीमा देवळापेक्षाही स्वयंपाकघरात अधिक कडकपणे सांभाळली जात होती, त्या काळी प्रेमाचा उपदेश खरा की खोटा याची परीक्षाही साहजिकच तेथेच झाली.

या प्रदेशातील प्रॉटेस्टंट कार्याचा आरंभ स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून धरला जातो. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. शाळा काढणे, मराठी शिकणे आणि गावोगाव फिरणे हा त्यांचा दिनक्रम होता, परंतु त्यांच्या फिरतीचे फळ धर्मप्रसारापेक्षा विद्येच्या क्षेत्रातच अधिक उतरले. नागपूर परिसरातील खडक आणि जीवाश्म यांचा त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह अभ्यास केला, तर गोंड समाजाविषयी त्यांनी जमवलेली गीते आणि टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी नदी ओलांडत असता ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झाले, आणि त्याच दशकात याच चर्चने भंडारा शहरातही आपले ठाणे वसवून त्याला दवाखान्याची जोड दिली. ज्या लोकांची धर्मांतरे क्वचितच झाली त्यांची गाणी इतक्या निगुतीने उतरवून घेणाऱ्या माणसाविषयी एवढे म्हणता येते की, समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय त्याने उपदेशाच्या आधी लावून घेतली होती.

नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी मीटरगेजवर तयार झाला आणि पुढे बंगाल नागपूर रेल्वेने तो रुंद करून घेतला. कामठी, वरठी येथील भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड अशी स्थानके असलेला आणि वैनगंगा ओलांडणारा हा मार्ग मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात अनपेक्षितपणे महत्त्वाचा ठरला. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केलेले कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये याच मार्गाने राजनांदगावला जात असता डब्यातील एका युरोपीय प्रवाशाने त्यांना सौजन्याने जागा करून दिली, संस्कृत काव्यावर त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि निरोप घेताना ‘नवा करार’ हातात देऊन ते दोन वर्षांत ख्रिस्ती होतील असे सांगितले. हा प्रवासी म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी असावेत असे मानले जाते, टिळकांनी मात्र त्या वेळी त्यांचे नावही विचारले नव्हते. राज्यकर्त्या वर्गातील गोऱ्या माणसाने रेल्वेच्या डब्यात देशी माणसाला आदराने बसवून घेणे ही त्या काळी लक्षात राहण्याजोगी गोष्ट होती आणि टिळकांच्या कथनात भाकिताइतकेच स्थान या वागणुकीलाही आहे. त्यांनी वचनाप्रमाणे पुस्तक वाचले आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील गिरिप्रवचन, म्हणजे डोंगरावर येशूने केलेला नीतीचा उपदेश, वाचताना त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयाची किंमत प्रथम त्यांच्या पत्नीला मोजावी लागली, ही बाब चरित्रकारांच्या गौरवपर लेखनात अनेकदा मागे पडते. जलालपूरच्या गोखले घराण्यात १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या वडिलांच्या धाकात वाढल्या होत्या. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या माहेरच्या माणसांकडे राहिल्या आणि नंतर पतीकडे नगर जिल्ह्यात आल्या, तेव्हाही त्यांची चूल वेगळी आणि पाण्याची भांडी वेगळी होती. टिळकांनी हे सोवळे मोडण्याची सक्ती केली नाही. चार भिंतींच्या आत दोन धर्म आणि दोन स्वयंपाक नांदू देण्याचा हा संयम एरवी तापट आणि लहरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने दाखवला, हे विशेष म्हटले पाहिजे. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतःलाच विचारला, तो माणसाने केला असे त्यांचे त्यांनाच पटले आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांनी सुरुवात केली. बाप्तिस्मा १९०० मध्ये, म्हणजे त्यानंतर झाला. त्यांच्या बाबतीत श्रद्धेने आधी स्वयंपाकघरात प्रवेश केला आणि चर्चमध्ये ती मागाहून पोचली, हा क्रम ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रामुळेच ठाऊक आहे, कारण मिशनच्या अहवालांत अशा क्रमाची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती.

त्यानंतर हे घर कोणाचेही घर झाले. पोरकी मुले, विद्यार्थी, नवखे कवी आणि घराबाहेर पडलेली माणसे तेथे येऊन राहू लागली, बाप्तिस्मा न घेतलेले बालकवी ठोंबरेही नगरला या कुटुंबात राहिले आणि प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी छावणीत रुग्णांची शुश्रूषा केली. टिळक मिळालेला पैसा वाटून टाकत आणि घरात पीठ आहे की नाही हे पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे राही, त्यामुळे या औदार्यातला व्यावहारिक वाटा बव्हंशी त्यांचाच होता असा निष्कर्ष त्यांच्या विनोदी आणि निर्भीड लेखनातून काढावा लागतो. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ उभारण्याचा प्रयत्न केला, ज्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. परकीय पगाराचा आधार टाकून केवळ देवावर आणि देशबांधवांवर भरवसा ठेवण्याचा हा प्रयोग ९ मे १९१९ रोजी त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपूर्ण महाकाव्य मात्र लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतः अध्याय रचून पूर्णत्वास नेले.

टिळकांचे धर्मांतर झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, पावसाने लवकर पाठ फिरवल्यामुळे मध्य प्रांतातील भाताचे पीक बुडाले. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे जाळे भंडारा जिल्ह्यात होते, ज्यांना गावाच्या महसुलाचा हक्क धारण करणाऱ्या मालगुजारांवरून मालगुजारी तलाव म्हणतात, परंतु पावसाळा संपण्याआधीच आभाळ कोरडे पडले की तलावाच्या पाण्यालाही मर्यादा येते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ या प्रांताने लागोपाठ सोसले. सरकारने दुष्काळी कामे आणि निराधारांसाठी अन्नगृहे काढली, तरी एकट्या पडलेल्या मुली आणि तरुण विधवा यांना तेथे अन्नाबरोबर संरक्षण मिळेलच असे नव्हते.

हे ओळखून १८९७ च्या आरंभी, स्वतः ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या. त्यांच्या येण्यामागे स्वतःचा अनुभव होता, कारण १८७० च्या दशकातील दुष्काळात भटकंती करत असता त्यांनी आपले आईवडील आणि बहीण गमावली होती. दुष्काळी छावण्या हिंडून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आपल्याकडे नेल्या, प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात इतकी माणसे ठेवणे अशक्य झाल्यावर त्यांना केडगाव येथील शेतावर झोपड्यांत हलवले आणि त्यातून १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ आकाराला आले. दुसऱ्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्या माणसांचे दळण, कांडण, स्वयंपाक, शेती, विणकाम आणि छपाई ही सर्व कामे तेथील स्त्रियाच करत. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘शारदा सदना’त रमाबाईंनी ब्राह्मण विधवांचे जातिनियम आणि स्वयंपाकाचे सोवळे सांभाळू दिले होते, परंतु दुष्काळाने आणलेल्या मुली इतक्या जातींच्या होत्या की केडगावात ती व्यवस्था टिकणे शक्यच नव्हते. सुधारकांनी वर्षानुवर्षे सभांतून चर्चिलेले सहभोजन अशा रीतीने निरुपायाने आणि गाजावाजा न होता सुरू झाले.

खर्चाची बाजू याहून बिकट होती. अमेरिकेतील हितचिंतकांनी रमाबाईंना दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते आणि ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. ब्रिस्टल येथे कोणाकडेही वर्गणी न मागता अनाथालये चालवणारे जॉर्ज म्यूलर आणि चीनमध्ये त्याच पद्धतीने काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली होती. निश्चित उत्पन्न नसताना गरज देवापुढे ठेवून काम चालू ठेवण्याच्या या पद्धतीला विश्वासाधारित मिशन म्हणतात. रमाबाईंनी तिचा अवलंब केला खरा, पण त्यांचा विश्वास हात जोडून बसणारा नव्हता. फळबाग आधीच लावलेली होती, विहिरी खोदल्या जात होत्या आणि हिशेब चोख ठेवला जात होता.

या कार्यावरील आक्षेपही इतिहासाचाच भाग आहेत. १८९३ मध्ये ‘शारदा सदना’तील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूती असलेल्या सल्लागारांनीही संबंध तोडला. दुष्काळात अन्न देऊन धर्म दिला, ही टीका तर त्या काळच्या सर्वच मिशनांवर झाली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही, कारण ज्याच्या ताटात अन्न पडते त्याला देणाऱ्याची प्रार्थना नाकारणे अवघड जाते, आणि लहान मुलांच्या बाबतीत संमती हा शब्द वापरणेच कठीण आहे. मात्र टीकाकारांपैकी फारच थोड्यांनी त्या मुलींसाठी आपली दारे उघडली, हेही त्या काळच्या कागदपत्रांतून दिसते. भंडाऱ्याच्या वाचकाला धर्मांतर म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची बौद्ध धम्मदीक्षाच प्रथम आठवते. त्या सामूहिक आणि जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयाच्या तुलनेत ख्रिस्ती धर्मप्रवेश येथे एकेकट्या घरांचा आणि बहुधा एखाद्या आपत्तीशी जोडलेला राहिला. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज आजही अत्यल्प का आहे, याचे एक कारण यात शोधता येईल.

जवाहरनगरचा कारखाना सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, तेथून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या नागपुरात सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट परंपरांनी आपले वेगळेपण विसर्जित करून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. हिस्लॉप यांच्या स्कॉटिश कार्याचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्या त्यात होत्या, तसेच अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि अन्यही होते. वाटाघाटी १९२९ पासून, म्हणजे चार दशके चालल्या होत्या, आणि त्यांतील सर्वांत चिवट प्रश्नांपैकी एक असा होता की, एका परंपरेत दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूने दिलेले प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, दुसऱ्या परंपरेच्या लोकांनी ग्राह्य मानावे की नाही. अखेर सर्व परंपरांच्या धर्मगुरूंनी एकमेकांसाठी प्रार्थना करत परस्परांच्या मस्तकी हात ठेवावेत असा विधी ठरला, त्यामुळे कोणाची आधीची दीक्षा कमअस्सल होती हे कोणालाच उच्चारावे लागले नाही आणि विदर्भातील लहानलहान मंडळ्या एका पंगतीला बसू शकल्या.