किर्लोस्करवाडी : गावाचे नाव आणि शाळेतील इतिहास

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे नाव मिळाले आहे. बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते लोखंडी नांगरांकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास बराच काळ लागला. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभी राहिली. कालांतराने स्थानकाचे नावही बदलले. १९२० मध्ये येथूनच 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले.

शालेय परिसर अभ्यासासाठी हे उदाहरण बोलके आहे. मालवण तालुक्यातील किर्लोस गावावरून घराण्याला आडनाव मिळाले आणि त्या आडनावावरून नवे गाव वसले. हा प्रवास विद्यार्थ्यांना नकाशावर रेखाटता येतो. जुनी छायाचित्रे आणि नियतकालिकाचे जुने अंक अभ्यासता येतात.

मात्र संस्थापकाचे चरित्र म्हणजे गावाचा संपूर्ण इतिहास नव्हे. माळ साफ करणाऱ्या आणि भट्टीपाशी राबणाऱ्या कामगारांची नावे कोणत्याही पाटीवर आली नाहीत. ती घरोघरी विचारून वहीत उतरविण्याचे काम शाळाच करू शकते. त्या पहिल्या पिढीची नातवंडेही आता वृद्ध झाली आहेत, हे विसरून चालणार नाही.